ऐकणे हीदेखील सेवाच : विक्रोळीतील स्थलांतरित कामगारांचे अनुभव कसे जाणून घ्यावेत?

१४ जून २०२५ रोजी विक्रोळीचा पूर्व-पश्चिम उड्डाणपूल वाहतुकीसाठी खुला झाला. दीर्घ प्रतीक्षेनंतर लाल बहादूर शास्त्री मार्ग आणि पूर्व द्रुतगती महामार्ग एकमेकांना जोडले गेले आणि विक्रोळीकरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. या पुलाला किती विलंब झाला, खर्च किती वाढला, श्रेय कोणाचे, याची चर्चा वृत्तपत्रांतून पुष्कळ झाली. परंतु त्या पुलाच्या सळया कोणी बांधल्या, सेंट्रिंगच्या फळ्या कोणी ठोकल्या, ती माणसे कोणत्या गावची होती, रात्री कोठे झोपत होती आणि त्यांची मजुरी त्यांना पूर्ण मिळाली काय, याविषयी आपणांपैकी कोणालाही काही सांगता येणार नाही. पूल आपला झाला. तो बांधणारे मात्र अनोळखीच राहिले.

हीच गोष्ट आपल्या परिसरात चाललेल्या इतर मोठ्या कामांची. लाल बहादूर शास्त्री मार्गावरील मेट्रो-४ ची मार्गिका, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या भुयारासाठी विक्रोळीत खोदलेला खोल खड्डा, जुन्या वसाहतींच्या पुनर्विकासातून उभे राहणारे मनोरे, या सर्व ठिकाणी बाहेरून आलेल्या कामगारांचे हात राबले आहेत. सकाळी नाक्यावर हत्यारांची पिशवी घेऊन उभे असलेले गवंडी व बिगारी आपण रोज पाहतो. आपल्या सोसायटीचा पहारेकरी, घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी, घरपोच सामान आणून देणारा तरुण, हेही बहुधा स्थलांतरितच. आपण त्यांना पाहतो, पण ओळखत नाही. त्यांच्या कामाचा अनुभव जाणून घ्यायचा तर तो कसा, आणि तसे करताना आपल्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपणही कोठून तरी आलो आहोत

विक्रोळी हे मुळातच स्थलांतरितांनी वसवलेले उपनगर आहे. १९४३ मध्ये पिरोजशा गोदरेज यांनी येथील विस्तीर्ण जमीन घेतली आणि पुढे कारखाने लालबागहून इकडे आले. कामगारांसाठी कन्नमवार नगर व टागोर नगर या वसाहती उभ्या राहिल्या. ज्यांना तेथे जागा मिळाली नाही, त्यांनी पार्कसाइट, सूर्यनगर, वर्षानगर या डोंगरउतारांवर घरे बांधली. स्वस्त निवाऱ्याची किंमत कधी कधी जिवानेही मोजावी लागते, हे १८ जुलै २०२१ च्या पहाटे सूर्यनगरात दरड कोसळली तेव्हा साऱ्या मुंबईने पाहिले. शेजारच्या घाटकोपरमधील चिरागनगरात राहून अण्णा भाऊ साठे यांनी आपले बरेचसे लेखन केले. वाटेगावहून कुटुंबासह पायी मुंबईला आलेल्या आणि पडेल ते काम केलेल्या या लेखकाला कामगारांचे जीवन दुसऱ्याच्या अहवालातून समजून घ्यावे लागले नाही.

आपल्या मराठी भाषक कॅथलिक कुटुंबांचीही कहाणी फारशी वेगळी नाही. अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतून आलेली किती तरी कुटुंबे मुंबईच्या धर्मग्रामांत आहेत. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडावे लागलेली पिढी अजून आपल्या घरांत आहे. आजोबांना पहिले काम कोणी मिळवून दिले, पहिली रात्र त्यांनी कोठे काढली, पहिल्या पगारातून गावी किती पाठवले, हे प्रश्न आपण त्यांना कधी विचारले आहेत का? स्थलांतरितांच्या अनुभवांचा अभ्यास करावयाचा असेल, तर पहिली मुलाखत स्वतःच्या घरी घ्यावी. प्रश्न विचारणे किती अवघड असते आणि उत्तर देणे त्याहून किती अवघड असते, हे तेथेच कळते.

आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

स्थलांतराविषयी आपल्याकडे आकडे नाहीत असे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशांतर्गत स्थलांतरितांची संख्या ४५ कोटींहून अधिक होती. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर २०२५ पर्यंत ३० कोटींहून अधिक नोंदी झाल्या. हे आकडे आवश्यक आहेत. त्यांच्यावाचून शिधा, घरे, शाळा यांचे नियोजनच होऊ शकत नाही.

तथापि आकड्यांना मर्यादा असतात. जनगणनेत स्थलांतराचे एकच कारण नोंदवले जाते. विवाहानंतर पतीबरोबर मुंबईला आलेल्या स्त्रीच्या नावापुढे ‘विवाह’ असे लिहिले जाते. पुढे ती तीन घरची धुणीभांडी करून संसाराचा निम्मा भार उचलत असली, तरी कामासाठी स्थलांतर केलेल्यांत तिची गणना होत नाही. नोंद खोटी नसते. पण त्या नोंदीतून तिचे श्रम नाहीसे झालेले असतात.

काही वेळा तर आकडाच उपलब्ध नसतो. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत ती लागू झाली. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाण्यासाठी जमलेला जमाव आपण पाहिला. ८ मे रोजी जालन्याहून भुसावळच्या दिशेने पायी निघालेले मध्य प्रदेशातील १६ कामगार करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली सापडून मरण पावले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेत प्रश्न विचारला गेला, तेव्हा टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित कामगार मृत्युमुखी पडले याची माहिती ठेवलेली नाही, असे उत्तर सरकारने दिले. ज्यांच्या मृत्यूंचीही मोजदाद झाली नाही, त्यांच्या जगण्याची नोंद कोण ठेवणार?

त्या दिवसांत काही स्वयंसेवकांनी एक वेगळा मार्ग दाखवला. ‘स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क’ या गटाने अडकून पडलेल्या कामगारांचे दूरध्वनी घेतले, त्यांना मदत पोहोचवली आणि त्यांचे म्हणणे टिपूनही ठेवले. एप्रिल २०२० मध्ये ११,१५९ कामगारांशी झालेल्या संपर्कावर आधारित अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला. त्यांतील ९६ टक्के कामगारांना सरकारी शिधा मिळाला नव्हता आणि ८९ टक्क्यांना मालकाकडून टाळेबंदीच्या काळातील मजुरी मिळाली नव्हती. हे आकडे मदतीसाठी केलेल्या संभाषणांतून निर्माण झाले होते. आधी ऐकणे, मग मोजणे, असा तो क्रम होता.

‘का?’ या प्रश्नाचे उत्तर

समाजशास्त्रात ज्याला गुणात्मक संशोधन म्हणतात, त्याचे मर्म येथेच आहे. किती जणांना मजुरी मिळाली नाही, हे संख्यात्मक सर्वेक्षण सांगते. मजुरी मिळत नसतानाही माणूस ते काम का सोडत नाही, हे जाणण्यासाठी मात्र त्याच्याजवळ बसून त्याची हकिकत ऐकावी लागते.

बांधकाम क्षेत्रातील ‘खर्ची’चे उदाहरण घेऊ. समजा, एका गवंड्याची मजुरी दिवसाला ८०० रुपये ठरली आहे. महिन्यात २५ दिवसांची हजेरी भरली, तर त्याचे २०,००० रुपये होतात. ठेकेदार त्याला जेवणखाणासाठी दर आठवड्याला १,५०० रुपये खर्ची देतो, म्हणजे चार आठवड्यांचे ६,००० रुपये. उरलेले १४,००० रुपये ठेकेदाराच्या वहीत राहतात. चार महिन्यांत ही बाकी ५६,००० रुपयांवर जाते. आता प्रश्नावली घेऊन आलेल्या माणसाने त्याला विचारले, “रोज किती मिळतो?” तर तो सांगेल, “आठशे.” या उत्तरात काहीही खोटे नाही. परंतु तो मुक्त नाही, हे त्यातून कळत नाही. काम सोडले तर वहीतील ५६,००० रुपयांवर पाणी सोडावे लागेल, या भीतीने तो धोकादायक पहाडावरही चढतो आणि शिवीही ऐकून घेतो. मजुरीचा दर आणि मजुरीचा अनुभव यांतील हे अंतर हाच अशा अभ्यासाचा विषय होय.

महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांच्या बाबतीत हे अधिक तीव्रतेने दिसून आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याची ओरड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हा आकडा हादरवणारा आहे. पण त्यामागचे कारण स्त्रियांच्या हकिकतींतूनच उलगडते. पतिपत्नींचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामापूर्वीच उचल घेतलेली असते. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड भरावा लागतो. फडावर शौचालय नाही, पाणी नाही, विश्रांती नाही. अशा स्थितीत पाळी आणि दुखणे हीच कामातील अडचण ठरते, आणि डॉक्टरने सुचवलेली शस्त्रक्रिया हा सुटकेचा मार्ग वाटू लागतो. कर्ज, दंड आणि शरीर यांचा हा संबंध कोणत्याही तक्त्यात आपोआप दिसला नसता.

मुंबईत या प्रकारच्या अभ्यासाची परंपरा आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील सुमारे शंभर जणांचे बोल एकत्र करून २००४ मध्ये गिरणी कामगारांचा मौखिक इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. तो पुढे मराठीतही आला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाचे राजकारण अनेकांनी लिहिले होते. कोकणातून व घाटावरून आलेला माणूस खोलीत किती जणांसह राहत होता, खानावळीवर कसा जेवत होता आणि संपानंतर त्याच्या घरात काय घडले, हे मात्र त्यांच्याच तोंडून ऐकावे लागले. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी तर १९६२ पासून दक्षिण गुजरातेतील श्रमिकांचा माग घेतला. खानदेशातून बारडोलीच्या ऊसपट्ट्यात जाणारे तोडणी कामगारही त्यांच्या अभ्यासात आहेत. एकदा भेटून अहवाल लिहिण्यापेक्षा त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाणे, हा त्यांच्या कामाचा धडा आहे.

ख्रिस्तसभेच्या अनुभवातील एक पद्धत

कॅथलिकांना ही वाट अपरिचित वाटू नये. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांची जी चळवळ उभारली, तिला १९२५ मध्ये संघटित रूप आले. तिचे सूत्र होते : पाहा, पारखा, कृती करा. तरुण कामगारांनी आपल्याच सोबत्यांच्या कामाचे तास, मजुरी, अपघात, अपमान यांची चौकशी करावी आणि मगच उपाय ठरवावा, असा त्यांचा आग्रह असे. संत पोप जॉन तेविसावे यांनी १९६१ च्या आपल्या सामाजिक परिपत्रकात या पद्धतीला मान्यता दिली. भारतातही सिस्टर जीन डेव्होस यांनी १९८५ मध्ये राष्ट्रीय घरकामगार चळवळ सुरू केली. ज्यांना कामगार मानायलाही समाज तयार नव्हता, अशा स्त्रियांना या चळवळीत स्वतःविषयी बोलता आले.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. कार्डाइन यांच्या सूत्रात ‘पाहणे’ प्रथम येते. आपण पुष्कळदा थेट कृतीवर उडी घेतो. नाताळात ब्लँकेटे वाटतो, पावसाळ्यात शिधा देतो. हे चांगलेच आहे. परंतु ज्याचे ५६,००० रुपये ठेकेदाराच्या वहीत अडकले आहेत, त्याची गरज ब्लँकेट ही नसून हिशेब ही असू शकते. ते विचारल्यावाचून कळत नाही.

विचारावे कसे?

आपल्या धर्मग्रामातील एखाद्या युवक गटाने किंवा लघुख्रिस्ती समूहाने असा अभ्यास करण्याचे मनावर घेतले, तर काही पथ्ये पाळणे अगत्याचे ठरेल.

पहिले पथ्य स्थळ-काळाचे. सकाळी नाक्यावर उभा असलेला माणूस कामाच्या शोधात असतो. त्या वेळी त्याला अडवणे म्हणजे त्याचा दिवस बुडवणे होय. साइटवर मुकादम जवळ असेल, तर उत्तर “सब ठीक है” असेच येणार. रविवारी दुपारी खोलीवर किंवा चहाच्या टपरीवर तोच माणूस मोकळेपणाने बोलू शकतो. संमती तोंडी घ्यावी. कागदावर अंगठा किंवा सही मागितली की ज्याने कोऱ्या कागदांवर सह्या केल्या आहेत, तो धास्तावतो.

दुसरे पथ्य भाषेचे. भोजपुरी, बंगाली, ओडिया किंवा संथाली बोलणाऱ्याला हिंदीतून उत्तर देताना आपले दुःख आखडते घ्यावे लागते. त्याची भाषा जाणणारा सोबती बरोबर असावा. मात्र तो मुकादमाचा नातलग नसावा. हाक मारण्यातही आदर हवा. ‘भैया’ या शब्दाचा मूळ अर्थ भाऊ असा असला, तरी मुंबईत तो कोणत्या स्वरात उच्चारला जातो, हे ऐकणाऱ्याला चांगले ठाऊक असते. नाव विचारावे आणि ‘आप’ म्हणावे.

तिसरे पथ्य प्रश्नांचे. “तुमचे शोषण होते का?” असा प्रश्न विचारू नये, त्यात उत्तर आधीच भरलेले असते. “काल सकाळी उठल्यापासून काय काय केले, ते सांगाल का?” असे विचारावे. पहिल्या कामापासून आजच्या कामापर्यंतचा क्रम विचारावा : कोणी आणले, उचल किती घेतली, काम का सुटले, शेवटचा हिशेब कधी झाला. हाताच्या तुटलेल्या बोटाची हकिकत विचारली, की दवाखान्याचा खर्च कोणी केला हेही बाहेर येते. माणूस गप्प झाला, तर त्या शांततेचाही मान राखावा.

चौथे पथ्य निवडीचे. मुकादमाने दाखवलेल्या दहा जणांशी बोललो, तर मुकादमाचीच बाजू ऐकली असे होईल. केवळ रविवारच्या मिस्सेला येणाऱ्या झारखंडच्या बांधवांशी बोललो, तर चित्र अपुरे राहील. नाका, साइट, कारखाना, घरकाम, घरपोच सेवा अशा निरनिराळ्या ठिकाणची, स्त्रिया व पुरुष, नवे व जुने, अशी माणसे भेटावीत. नव्या मुलाखतींतून नवे काही निघेनासे झाले, की थांबावे. शिवाय जे आजारी पडून किंवा कंटाळून गावी परतले, ते विक्रोळीत भेटणारच नाहीत, याची जाणीव असावी. शहरात भेटतात ते टिकलेले. न टिकलेल्यांची कहाणी गावात असते.

पाचवे पथ्य गुप्ततेचे. केवळ नाव बदलून भागत नाही. एखाद्या साइटवर एका जिल्ह्याचे पाचच जण असतील, तर जिल्ह्याच्या उल्लेखानेही माणूस ओळखता येतो आणि त्याचे काम जाते. छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा.

सर्वांत अवघड प्रश्न

एवढी पथ्ये पाळली, तरी एक प्रश्न उरतोच. ऐकणारे आपण कोण आहोत? आपल्यापैकी काही जण घरमालक आहेत, काही लहान ठेकेदार आहेत, बहुतेकांच्या घरी कामाला कोणी ना कोणी येते. ज्याच्या मजुरीचा प्रश्न आहे, त्याच्यासमोर मजुरी देणारेच वही घेऊन बसले, तर तो काय बोलणार? हा लेख लिहिताना माझ्या ध्यानात आले, की आमच्या घरी अनेक वर्षे काम करणाऱ्या मावशी पूर्वी कोठे काम करीत होत्या, आजारपणात त्यांचा खाडा आम्ही कसा धरला, हे मी कधी विचारलेच नव्हते. विचारले असते, तर उत्तर ऐकण्याची माझी तयारी होती काय, हेही मला सांगता येत नाही.

म्हणून आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांची मुलाखत आपण घेऊ नये. ती दुसऱ्याने घ्यावी. आणि आपण स्वतःला प्रश्न विचारावेत : सुटीचा दिवस भरपगारी आहे का? शेवटची पगारवाढ केव्हा झाली? मजुरी दिवस संपताच देतो, की ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो? संशोधकाने आपले स्थान ओळखणे ही या पद्धतीची शास्त्रीय अट आहे. आपल्यासाठी ती सदसद्विवेकाचीही अट आहे. कापणी करणाऱ्यांची अडवून धरलेली मजुरी ईश्वरापर्यंत आक्रोश करते, असा इशारा याकोबाच्या पत्रात आहे. तो ‘खर्ची’च्या वहीला आजही लागू पडतो.

ऐकल्यानंतर

ऐकून घेतलेले परत न देणे हीदेखील एक प्रकारची बुडवलेली मजुरीच होय. अभ्यासाचे निष्कर्ष आधी कामगारांनाच त्यांच्या भाषेत सांगावेत आणि चूक असल्यास दुरुस्त करून घ्यावेत. त्यानंतर ते कायद्याशी ताडून पाहावेत. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा मुख्यतः ठेकेदारामार्फत आणलेल्या कामगारांपुरता होता. नव्या संहितेच्या व्याख्येत स्वतःहून आलेल्या कामगारालाही स्थान आहे. रोजंदारीवरील मजुरी पाळी संपताच आणि मासिक वेतन पुढील महिन्याचा सातवा दिवस संपण्यापूर्वी द्यावे, असे वेतन संहिता सांगते. बांधकाम कामगार मंडळाच्या लाभांसाठी वर्षातील ९० दिवसांच्या कामाची अट मात्र कायम आहे, आणि नाक्यावरचा माणूस वर्षभरात अनेक ठेकेदारांकडे राबतो. त्याला हे ९० दिवस सिद्ध करण्यात कोठे अडचण येते, हे दहा जणांच्या हकिकतींतून स्पष्ट होईल. हजेरीची स्वतंत्र वही ठेवायला शिकवणे, नोंदणीचा अर्ज भरून देणे, थकलेल्या मजुरीसाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सोबत जाणे, ही कृती त्यानंतरची. ती दयेपोटी केलेली मदत नसेल, तर ऐकून उमजलेल्या अन्यायाला दिलेले उत्तर असेल.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकातून कामगारांच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न जगापुढे ठेवला. २०२५ मध्ये निवडले गेलेले पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना त्याच परिपत्रकाची आठवण केली. या वारशाची सुरुवात विक्रोळीत कोठून करावी, असा प्रश्न पडला, तर फार दूर जाण्याचे कारण नाही. उद्या सकाळी दार वाजेल तेव्हा आत येणाऱ्या मावशींना चहा द्यावा, त्यांचा हिशेब आधी चुकता करावा आणि मग त्या बोलल्या, तर ऐकावे.